उरलेल्या एकोणतीस

४ मार्च

मास्तरांची खुर्ची आज नेली. हिशेब विभागातली मोडली होती म्हणे, मग ही तिकडे. मी बघत होते. काही वाटलं नाही. डबा खाल्ला — सगळा!

या जाहिरात कंपनीत मजकूर लिहिणारे आम्ही दोघंच. मास्तरांची तीस वर्षं, माझे पाच महिने. आता मी एकटी.

५ मार्च

कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. गेल्या महिन्यात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "एकटीला जमेल ना गं सगळं?" मी पटकन, "हो सर!" वाटलं, शाबासकीच देतायत. नोकरी कायम होणार! झालीही. आणि दहा दिवसांनी मास्तरांच्या हातात कामावरून कमी केल्याचं पत्र.

ज्याने लिहायला शिकवलं त्यालाच उठवलं. रडायला हवं होतं. येतच नाही.

६ मार्च

काही नाही.

९ मार्च

नवं काम — पंखा. आवाज न करणारा.

मास्तर असते तर तीस ओळी. प्रत्येक जाहिरातीला तीस, हाताने, आकडे घालून. मग त्यांची लाल पेन्सिल. पहिल्या ओळीवर तर न वाचताच फुली! "ती सगळ्यांनाच सुचते गं. पाहुणी आहे — चहा पाज आणि वाटेला लाव." पहिल्या तीन दिवसांत नव्वद ओळी, नव्वद फुल्या. बाथरूममध्ये जाऊन रडले होते. घरी आईला म्हटलं, म्हातारा खडूस आहे, नोकरी सोडते. चौथ्या दिवशी सव्विसाव्या ओळीशी पेन्सिल थांबली. "हं," म्हणाले. बास, एवढंच. त्या एका 'हं'वर मी आठवडाभर तरंगत होते.

आज एकच ओळ लिहिली. 'आवाज बंद, झोप सुरू.' चार मिनिटं लागली. साहेब म्हणाले, "एक नंबर! पाठवून दे."

फुली नाही, काही नाही. बरं वाटायला हवं ना? लाकूड झालंय माझं.

१७ मार्च

पेपरात पानभर जाहिरात. आईने शेजारच्या काकूंना दाखवली, आत्याला फोन केला — "आमच्या लेकीने लिहिलंय बरं का!" मग माझ्याकडे बघून, "तोंड का असं, एरंडेल प्यायल्यासारखं?" म्हटलं, झोप झाली नाही. "मग तोच पंखा आणू की!" मी हसले. म्हणजे, दात दाखवले.

आणखी दोन कामं दिलीत. दोन्हींची पहिलीच ओळ पास.

२० मार्च

आमचा चित्रकार मास्तरांकडे जाऊन आला. "बरे आहेत. कुंड्यांना पाणी घालत होते. तुझं विचारलं. अगं, एक फोन तरी कर बाई!"

करते म्हटलं. केला नाही. कोणत्या तोंडाने करू? विचारतील, तुला माहीत होतं का? आणि मला खरंच ठाऊक नाही, माहीत होतं का ते. साहेबांनी 'एकटीला' म्हटलं होतं. तो शब्द मी ऐकला होता.

२४ मार्च

ऑफिसात माझ्या नावाचं पाकीट आलं. अक्षर लगेच ओळखलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उघडलंच नाही.

आत पेपरातली आमची पंख्याची जाहिरात, कात्रीने नीट कापलेली. ओळीवर लाल फुली — या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत! खाली बारीक अक्षरात:

"तू 'हो' म्हणालीस हे साहेबांनी मला तेव्हाच सांगितलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू. ते माझं मी बघतो. पण उरलेल्या एकोणतीस कुठे आहेत? शनिवारी चार वाजता घेऊन ये."

तीनदा वाचलं. पाकीट उलटं करून झटकलं, अजून काही आहे का म्हणून.

२८ मार्च, शनिवार

दुपारचा एक. सव्वीस झाल्या. रडू आलंय, थांबतच नाही — अठरावीपासून पुढची सगळी शाई पसरली! पुन्हा लिहून काढायला हव्यात. चारपर्यंत होतील.