रेटिनॉल बाद

मंगळवार, संध्याकाळ. डमडम

सईचे गाल अजून लालच आहेत. साधं पाणी लागलं तरी चुरचुरतंय म्हणाली पोरगी. आणि हे सगळं माझ्यामुळे.

गेल्या आठवड्यात तिला कॉलेज होतं म्हणून तिच्या मुरमांच्या डॉक्टरबाईंकडे मी एकटीच गेले. दोन ट्यूब दिल्या, एक अ‍ॅसिडची, एक रेटिनॉलची. बाई बंगालीत म्हणाल्या, "जेदिन अ‍ॅसिड, शेदिन रेटिनॉल बाद." मी मान डोलावली. बाद म्हणजे हिंदीतलं 'नंतर', असंच डोक्यात बसलं. मग रोज रात्री आधी अ‍ॅसिड, त्यावर रेटिनॉल. मीच मागे लागून लावायला लावलं. जळजळतंय म्हणाली, तर म्हटलं औषध लागू पडतंय. असं कसं म्हटलं मी?

आज फोन केला तर बाई ओरडल्याच. दोन्ही एका रात्री कधीच नाही! बंगालीत बाद म्हणजे वगळायचं. आता गाल शांत होईपर्यंत दोन्ही बंद, फक्त साधं मॉइश्चरायझर.

सई चिडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "आई, पण मराठीत पण बाद म्हणजे आउटच असतो ना?"

'असतो' नाही, 'असतं'. पण आज तिचं मराठी सुधारायला माझं तोंड उघडलं नाही.