क्षांतमणीच्या पाण्यासाठी

मी, कृष्णभामिनी दासी, कै. शिवनारायण रायचौधुरी यांची विधवा, राहणार चुंचुडा, आज पूर्ण शुद्धीवर आणि शहाणी आहे. हे आजच लिहिणे भाग आहे. उद्या एकादशी. आमच्याकडे विधवेने त्या दिवशी पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो. उद्या मी सगळ्यांदेखत पाणी पिणार आहे, आणि मग माझा मुलगा प्रसन्ननारायण मला वेडी ठरवल्याशिवाय राहणार नाही.

१. गंगेकाठचे घर माझ्या वडिलांनी मला दिलेले स्त्रीधन आहे. रायचौधुरींचा त्यावर काडीचा हक्क नाही. ते मी प्रसन्नची मुलगी, माझी नात क्षांतमणी हिला देते. चौथी मुलगी झाली म्हणून हे नाव ठेवले. अर्थ, आता पुरे. वय अकरा. नवऱ्याचे तोंडही तिने धड पाहिले नव्हते, तो फाल्गुनात गेला. ती शिको वा पुन्हा लग्न करो, घर तिचेच. तोवर व्यवस्था आमचे वैद्य, कविराज नीरदवरण सेन यांनी पाहावी.

२. प्रसन्ननारायणला त्याच्या वडिलांची काश्मिरी शाल. ती पांघरून तो कलकत्त्याच्या सभांत विधवांच्या हालांवर बोलतो, लोक डोळे पुसतात. गेल्या एकादशीला त्याची लेक तापाच्या भ्रमात कपाळावरची ओली पट्टी ओढून चोखू लागली. तिच्या आईने रडत रडतच ती काढून घेतली आणि कोरडी पिळली. मी मुलापुढे पदर पसरला. तो म्हणाला, "मा, सभेतलं सभेत. घरात देव आहेत, चार लोक येतात. तुला बोलायला काय जातंय?"

माझा जीव जात होता.

३. सुनेच्या नावे काही ठेवत नाही. तिच्यावर राग नाही. दिले तर नवरा काढून घेईल.

४. पुरोहित तर्कवागीश यांना माझ्या श्राद्धाला लुचीच्या पुऱ्या आणि संदेश मिठाई पोटभर वाढावी. पाणी दुसऱ्या दिवशी द्यावे.

५. हे सगळे लिहून काय उपयोग, मला कळत नाही. पोर शुद्धीवर आल्यावर मी चोरून वाटी पुढे केली, तर तिने ओठ घट्ट मिटले. म्हणाली, "ठाकुमा, तू कधी प्यायलीस का गं? मग मीच कशी पिऊ?" माझ्या कोरड्या एकादश्यांचे गावभर कौतुक आहे. ते कौतुक तिच्या नरड्याला बसले आहे.

आज पुन्हा ताप चढला. उद्याचा दिवस ती पाण्यावाचून काढणार नाही, असे कविराज म्हणतात. म्हणून आधी मी पिईन, तिच्या उशाशी बसून. मग वाटी तिच्या तोंडाला लावीन. तरीही तिने ओठ मिटले, तर वरची सगळी कलमे रद्द समजावीत. मग घर गंगेत गेले तरी चालेल.

सही: कृष्णभामिनी दासी
चुंचुडा, बंगाली सन १२९१, ज्येष्ठ, शुक्ल दशमी

साक्षीदार:
नीरदवरण सेन, कविराज
नयनतारा दासी, मुलीची आई. लिहिता येत नाही. कोणी बोलावले नव्हते; आपण होऊन आली आणि अंगठा उठवला.