शेवटची वीस मिनिटं

प्रिय ताई,

फोनवर तू विचारतेस, "पोरगी कशी आहे?" आणि माझ्या तोंडून आपोआप "बरी आहे" निघतं. तीन आठवडे हेच चाललंय. म्हणून आज तास संपल्यावर कॉलेजच्या क्रीडा विभागात, चेंडूंच्या ढिगाशेजारी बसून लिहायला घेतलंय.

यंदाचा फुटबॉलचा हंगाम तुला तुकड्यातुकड्यांनीच कळला. पहिले दोन सामने आम्ही सपाटून हरलो. बचावफळीतल्या दोघींचं आपसांत बोलणं बंद, गोलकीपरचं लक्ष प्रेक्षकांत. तिसऱ्या सामन्यात मी तुझ्या लेकीला पुढे खेळवलं. मॅडमनी भाचीला घेतलं, अशी कुजबुज झाली. ती तिने पहिल्या दहा मिनिटांत बंद पाडली. मुलींनी तिचं नाव टाचणी ठेवलं, कारण अंगाने काडी, पण कुठल्याही फटीतून आत घुसणार. त्यानंतर ओळीने पाच सामने जिंकलो. इतकी वर्षं मैदान म्हणजे गाड्या लावायची जागा असं समजणारे प्राचार्य खुर्ची घेऊन सरावाला येऊन बसू लागले. घरी मात्र बाईसाहेब तशाच. ओले मोजे माझ्या खुर्चीवर, आणि जेवताना मिठाची बरणी, चमचे, वाट्या मांडून मला चाली समजावणार. बावीस वर्षं मी हेच शिकवतेय, तरी ऐकत बसायचे. ती माझ्याकडे राहायला आल्यापासूनच्या या चार महिन्यांत मला मूल नाही, याची आठवण एकदाही झाली नाही, ताई.

उपांत्य सामन्यात, हाफटाइमच्या जरा आधी, ती वळताना पडली. उठली, पण पाय टेकताना ओठ आवळत होती. फिजिओने गुडघा तपासला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हिला बसवा. गुडघा जागेवर राहत नाहीये." आम्ही एका गोलने मागे होतो. तरी मी तिला बसवलं. बसवलं होतं, हे तुला ठासून सांगावंसं वाटतं. वीस मिनिटं उरली तेव्हा ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "मावशी, वीसच मिनिटं. दुखत नाहीये." दुखत होतं. मला दिसत होतं. आमच्या स्पर्धेच्या नियमाने बाहेर बसवलेला खेळाडू परत घेता येतो, आणि मी पंचांना खूण केली.

तिने दोन गोल केले. दुसरा मारताना ती खाली बसली ती उठलीच नाही, आणि सगळ्या मुली आनंदाने तिच्या अंगावर कोसळल्या. मीही हात उंचावत धावले. ती ओरडतेय ते दुखण्याने, हे कळायला मला मिनिटभर लागलं.

अंतिम सामना तिच्याविना चार-शून्यने हरलो. ती कुबड्या घेऊन बाकावर होती, घसा बसेपर्यंत मुलींना सूचना देत होती. तुला मी सांगितलं, पाय मुरगळलाय.

सोमवारी सर्जनने मला एकटीला आत बोलावलं. ऑपरेशननंतर ती चालेल, जिने चढेल, सगळं करेल, पण पुन्हा मैदानावर नाही. "तिला मी सांगू की तुम्ही सांगता?" असं त्यांनी विचारलं. मी सांगते म्हटलं. बाहेर आले तर ती बाकावरच्या एका आजोबांशी गप्पा मारत होती. मला बघून म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, दोन महिने. परवा तिला निवड शिबिराचं पत्र आलं. ते तिने आरशाला चिकटवलंय आणि रोज पलंगावर पडल्या पडल्या चांगल्या पायाचा व्यायाम करते. रोज विचारते, मी रोज दोन महिनेच म्हणते.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. त्याआधी तिला कळायला हवं, आणि माझ्याच्याने होत नाही. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि "चहा घेतेस का?" विचारून परत आले. तू ये. डॉक्टर काय म्हणाले ते तू सांग, तुझ्या कुशीत ती रडू तरी शकेल. फिजिओने नको म्हटल्यावरही तिला आत कुणी पाठवलं, ते मात्र मीच सांगेन. त्यानंतर तिला तू घरी घेऊन गेलीस, तर मी अडवणार नाही.

तुझीच,
धाकटी