चोरओटीचं बोलावणं

फुलसावंगी

प्रेरणा,

भाऊजी तुले माहेरून न्याले येतीन. तिसरा महिना सरला, सासूबाईनं चोरओटी ठेवली, असं म्हणतीन. येऊ नको. पोट दुखते म्हण, कायबी म्हण.

कापसाले भाव नाही म्हणून यंदा सारा कापूस घरातच पडून आहे. त्याच खोलीत, ढिगाजवळ तुह्यासाठी खाट टाकली. चोरओटीच्या दिवशी एक माणूस गाडीतून मशीन आणते. तो डाक्टर नाही, आधी लग्नाच्या शूटिंगा करे. "बाळाचा फोटो काढतो, काही होत नाही," असं गोड बोलून लय वेळ पोटावर मशीन फिरवते. मंग पोरगा का पोरगी, ते सासूबाईच्या कानात सांगते.

माह्या चोरओटीले त्यानं पोरगी सांगितली. दुसऱ्या दिवशी सासूबाईनं मले गोळ्या देल्ल्या, अन् गावात म्हणे, आपोआप पडलं. कापसाच्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही, प्रेरणा.

हे पत्र तुह्या गावच्या एस्टीत कंडक्टरजवळ देणार होती. पण जीप आली. तू हिरव्या साडीत हसत उतरून राह्यली. सासूबाई मलेच हाक मारून राह्यली, "कुंदा, ओवाळाले ताट आण!"

ताट घेऊन येणारी तुही जाऊ,
कुंदा