भोक पाडलेलं नाणं

बोर्ली पंचतन, १२ डिसेंबर १९३१

निबंध फाडून टाकला. महिनाभर खपलो होतो त्यावर. आमच्या शेताच्या बांधात अरबी अक्षरांचं जुनं नाणं सापडलं, त्याला बारीक भोक. त्यावरून मी ठरवूनच टाकलं, की इथला कुणी भाडोत्री शिपाई शेकडो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे लढला आणि ते गळ्यात बांधून घरी परतला. केवढी ऐट माझी!

आज संध्याकाळी हिला पहिल्यांदा दाखवलं. हिने ते हातात घेऊन दिव्याशी धरलं. "अहो, हे बाळाच्या करगोट्यातलं. माझ्या आजीनं दिलेलं. भोक मीच पाडून घेतलं होतं."

बाळ गेलं तेव्हा मी मुंबईला, नोकरीवर. पुरलं बाबांनी. कुठे, ते बाळाच्या आईला सांगायचं नसतं म्हणे. मीही विचारलं नाही. का नाही विचारलं? आता बाबाही नाहीत.

त्या भोकावरून बोट फिरवत हिने एवढंच विचारलं, "बांधाच्या कुठल्या टोकाला?"

गड्याने नाणं हातात दिलं तेव्हा सगळा बांध उकरून नवा घातलेला होता. मी वजन लिहिलं, अक्षरं उतरवली, भोकाचं मापसुद्धा घेतलं. जागा तेवढी विचारली नाही.