एका शेंगेतले अकरा

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार

सापडलं! सापडलं, सापडलं! अक्षर कसं आलंय ते आलंय.

नीट लिहिते. सकाळी सातला खैरटेकडीवर. बादल, माझा नवरा, मोटारसायकलने दोन फेऱ्यांत दोघींना सोडून गॅरेजला गेला. दोघी म्हणजे मी आणि याडी. बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात, लग्नानंतर मी सासूलाही तेच म्हणायला लागले. एकटीने रानात जायचं नाही हा तिचा कायदा. म्हणून माझ्या पीएच.डी.च्या निम्म्या नमुन्यांवर तिच्या हाताची माती आहे.

टेकडी मुरमाची. वर सगळा खुळखुळा फुललेला — पिवळाधमक! जिल्ह्यात खुळखुळ्याच्या चौदा जाती आहेत, त्यातल्या दोन इथे शेजारी शेजारी वाढतात. एक साधी, लवदार: शेंगेवर, पानामागे मऊ केस. दुसरी गुळगुळीत, एकही केस नाही. ती गावंडे सरांची! १९९१ साली सरांनी ती याच टेकडीवर शोधली आणि बायकोचं नाव दिलं — इंदुमती. अख्ख्या जगात ती फक्त इथे.

मी इंदुमतीच्या शेंगा तपासत होते. एकीवर भिंग धरलं आणि — केस! पण फक्त शिवणीवर. दोन्ही बाजूंना गुळगुळीत, मधल्या रेघेवर लव. पान उलटून पाहिलं, तिथेही तसंच, फक्त मधल्या शिरेवर.

ना ही, ना ती.

मी किंचाळले बहुतेक. याडी धावत आली, "साप हाय का?"

"साप नाही याडी, नवीन जात!"

ती झाडाकडे बघत राहिली. "अन् मले वाटलं साप."

अशी सव्वीस झाडं मोजली. सव्वीस!

१५ ऑक्टोबर

रविवार असून मी शिकवते त्या कॉलेजची लॅब उघडून घेतली. सगळं पाच वेळा मोजलं. तिसरीच आहे. तिसरीच!

१९ ऑक्टोबर

एसटीने यवतमाळ, तिथून नेर. सरांकडे. कागदावर माझे गाइड दुसरे आहेत, सर चौदा वर्षांपूर्वीच यवतमाळहून रिटायर होऊन नेरला आले. पण हा विषय त्यांनीच दिलेला. "जिल्ह्यातल्या खुळखुळ्यांचं पुन्हा वर्गीकरण कर," म्हणाले होते. मी म्हटलं होतं, सर, तुम्ही केलंय ना. तर म्हणाले, "म्हणून तं म्हणतो, पुन्हा."

बैठकीत भिंतीवर इंदुमतीचं चित्र, सरांनी स्वतः काढलेलं. खाली सोफ्यावर खऱ्या इंदुमती, म्हणजे काकू, तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी नमुना काढला. सरांनी भिंग लावलं आणि किती वेळ लावूनच बसले. मला वाटलं आता उडी मारतील. नाही. भिंग ठेवलं, चष्मा पुसला.

"गोळा करत राह्य," एवढंच बोलले.

काकूच बोलल्या मग. "हे काय व शीला, मले सवत आणली का?"

मी इतकी हसले की चहा सांडला. सर हसले नाहीत. तब्येत बरी नसेल. पंचाहत्तरी जवळ आली.

१२ नोव्हेंबर

दिवाळी. डोक्यात एकच — नाव काय द्यायचं? सरांनी काकूंचं दिलं. मी याडीचं देणार! सुखीबाई. लॅटिनमध्ये त्याला शेपूट कसं लागेल ते तीन प्रकारे लिहून पाहिलं. कोणाला सांगितलेलं नाही. इथेच लिहिते.

२४ डिसेंबर

शेंगा वाळल्या. टेकडीवर वारा आला की खुळखुळ, खुळखुळ — पायात चाळ बांधून कोणी चालतंय जणू. याडी प्रत्येक शेंग कानाशी धरून वाजवते, मग पाकिटात टाकते. तीन ढीग केले: लवदार, इंदुमती, आणि माझी. प्रत्येक झाडाचं पाकीट वेगळं.

परत येताना मी बडबडत होते. पुण्याचे एक मोठे तज्ज्ञ आहेत, त्यांना फोटो पाठवले होते. त्यांचं उत्तर आलं: मुरमाच्या जमिनीत केस कमी-जास्त होतात, एवढ्यावर जात ठरत नाही. चिडले होते मी! केस जमिनीमुळे की जातीचेच, हे आता कसं सिद्ध करणार?

याडीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेडीच आहे.

"शंका हाय तं पेरून पाह्य ना. एकाच मातीत. त्याले काय लागते?"

चार वर्षं मी पुस्तकं वाचतेय!

१६ जून २०२४

गच्चीवर तेलाचे डबे, अठ्ठेचाळीस. याडीने शेताची काळी माती आणि मुरूम सारखा मिसळून दिला. बियांचं कवच कडक असतं, म्हणून बादलच्या गॅरेजमधल्या पॉलिशपेपरवर एकेक बी घासली. बोटांची सालं गेली.

पहिल्या ओळीत लवदार, दुसऱ्या ओळीत इंदुमती, तिसऱ्या ओळीत माझी. एका झाडाची एकच शेंग, त्यातले अकराच्या अकरा दाणे, अकरा डब्यांत.

२५ जून

काही नाही. नुसती माती.

२८ जून

आले!! सात डब्यांत!!

२ जुलै

बेचाळीस उगवले. तिसऱ्या ओळीतले सगळे, अकरा!

१९ ऑगस्ट

शेजारच्या मानीबाईंची बकरी जिन्याने वर चढली. पहिल्या ओळीतले चार खाल्ले. मी रडायलाच बसले. मानीबाई म्हणे, "येवढं कायले रडतं बाई, गवतच तं होतं." याडीने अशी झापली तिला की बकरी खाली उतरली, मानीबाई पण उतरली. आता जिन्याला पत्रा लावलाय.

२२ सप्टेंबर

फुलं! पण काहीतरी चुकतंय.

तिसऱ्या ओळीत पानं उलटून पाहिली. अकरांतल्या पाचांना मधल्या शिरेवर केस, टेकडीवरच्या माझ्या झाडांसारखेच. बरोबर. पण तिघांना पूर्ण लव. आणि तिघांना एकही केस नाही.

बिया मिसळल्या की काय? डब्यांवरचे आकडे परत वाचले. पाकीट तेच. पेरताना दुसरं पाकीट उघडंच नव्हतं, वहीत तसं लिहिलेलं आहे. शेंगा येईपर्यंत काही बोलायचं नाही, काही ठरवायचं नाही.

(कोणाला फसवतेय? ठरलंय मनात.)

१३ ऑक्टोबर

शेंगा आल्या. आज सकाळभर गच्चीवर बसून होते, उन्हात, डोक्यावर याडीची ओढणी घेऊन.

एका शेंगेतले अकरा. तीन लवदार, पाच शिवणीवर लव, तीन साफ गुळगुळीत. जवळपास एकास दोनास एक! आनुवंशिकतेचं हे गणित मी फळ्यावर शिकवते. दरवर्षी शिकवते, पोरं जांभया देतात. आणि इथे माझ्या गच्चीवर, तेलाच्या डब्यांत, तेच उभं!

म्हणजे माझी तिसरी जात — जात नाहीच. ती मधली आहे. आईबापांपैकी एकाकडून लव आली, एकाकडून गुळगुळीतपणा.

दोन जातींचा संकर असेल, असंही धरून पाहिलं. म्हणून फुलं मोजली. इंदुमतीची खूण सरांनी पेपरात दिलीय: खालच्या नावेसारख्या पाकळीची चोच सरळ, लवदारची पिळलेली. मी दोन्हींची चाळीस-चाळीस फुलं उघडली. सरळ दोघींत, पिळलेली दोघींत. कळीच्या वयावर आहे ते सगळं! पुष्पकोश, उपपर्णं, दाणे, कशातच फरक नाही. फरक एकच, केसांचा. आणि केस एका शेंगेत तिन्ही प्रकारचे निघतात.

आईच्या एका पोटी एक कुरळ्या केसांचं आणि एक सरळ केसांचं, म्हणून काय त्यांची जात वेगळी?

इतक्या उड्या माराव्याशा वाटत होत्या! कारण हे खरं आहे. मला कोणी सांगितलेलं नाही, पुस्तकात नाही. मी पेरलं आणि ते वर आलं.

आणि मग, साधारण अकरा वाजता, दुसरी गोष्ट लक्षात आली. माझी नाही तशी सरांचीही नाही.

इंदुमती नाही.

१४ ऑक्टोबर

बादलला सांगितलं. तो जेवत होता. नीट ऐकून घेतलं त्याने, मग म्हणाला, "लिहिलंच पाहिजे काय? तिसरीचं राहू दे, इंदुमतीचं पण राहू दे. तुले कोण विचारते?"

"कोणीच नाही विचारत."

"मंग?"

याडी भाकरी करत होती, तव्यावरून नजर न काढता बोलली, "एका शेंगेचं एकच घर असते बादल. इनं काय खोटं घर लिहावं काय?"

जानेवारीत थिसिस द्यायचा आहे. जाती तेरा लिहू की चौदा?

१६ ऑक्टोबर

सरांना फोन केला. शेवटी एवढंच म्हटलं, "सर, एकदा गच्चीवर येऊन पाहा."

मग, "रविवारी येतो."

काहीच विचारलं नाही त्यांनी!

२० ऑक्टोबर, रविवार

साडेअकराच्या बसने आले. काकू पण. काकूंनी येताना पिशवीभर लिंबं आणलेली. मी पाया पडले तर काकूंनी माझी हनुवटी धरली. "वाळली व तू."

सर जिना एकेक पायरी थांबत चढले. पत्रा बादलने काढून ठेवला होता. मी पाठांतर करून ठेवलं होतं सगळं, पण सर आधी ओळींकडेच गेले. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीत खाली बसले, गुडघ्यावर हात देऊन. एकेक पान उलटलं. भिंग स्वतःचं आणलं होतं.

"ह्या ओळीतले सगळे एकाच शेंगेतले?"

"हो सर. अकरा."

"गुळगुळीत किती?"

"तीन."

"मधले पाच, लवदार तीन." मी सांगायच्या आधीच! मोजले असतील त्यांनी. नजर तेज आहे अजून.

मी चोचीची मोजमापं दाखवली. पान संपलं, वही मिटली. खाली रस्त्याने ट्रक जात होते, हैदराबादकडचे, एकामागून एक. मला वाटलं ते आता उठतील आणि बसस्टँडकडे निघतील.

"सर, माफ करा," म्हटलं मी.

"कायची माफी? चूक झाली काय तुझी?" आवाज चढला एकदम. मग खाली आला. "लिही. अन् घाबरत घाबरत लिहू नको. माह्या पेपरात कोणत्या पानावर चुकलं तिथून सुरू कर. चोच. ती कळीच्या वयाची चूक आहे, बरोबर पकडली तू."

काकू पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघूच शकत नव्हते. तेहतीस वर्षं जगाच्या यादीत नाव असलेली बाई!

त्याच बोलल्या. "माह्याकडे काहून पाहत नाहीस? मी काय झाड आहो? नाव गेलं तं गेलं, मी आहो ना इथं उभी."

मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. याडी वर आली तेव्हा आम्ही तिघं तशीच. तिने सरांच्या हातात चहा दिला आणि काकूंना विचारलं, "लिंबं घरच्या झाडाची हाय का?" मग त्या दोघी लिंबांवरच बोलत बसल्या, अर्धा तास!

जाताना सरांनी तिसऱ्या ओळीतली एक शेंग तोडली, कानाशी धरून हलवली, अजून हिरवी, वाजली नाही, तरी खिशात टाकली.

तेरा लिहायचं. ठरलं. मला एवढं हलकं वाटतंय की गच्चीवरून ओरडावंसं वाटतंय — तेरा!

२१ ऑक्टोबर

पहिली चार पानं झाली. भराभर.

२४ ऑक्टोबर

सरांनी एसटीच्या पार्सलने एक जुनी हर्बेरियम शीट पाठवली. पिवळी पडलेली. तिच्यावर चिकटवलेली दोन रोपं, एक लवदार, एक गुळगुळीत. खाली सरांचं अक्षर: "एकाच शेंगेतून. यवतमाळ, घरच्या कुंडीत. १७-११-१९९३." आणि नवी चिठ्ठी: "शीला, तेव्हा लिहायचा धीर झाला नाही. म्हणून तुला हा विषय दिला. ही पण थिसिसमध्ये जोड."

फोन लावला. काकूंनी उचलला. त्यांना शीटचं सांगितलं. म्हटलं, काकू, सरांना एकतीस वर्षं माहीत होतं!

"मले पण," काकू म्हणाल्या. "त्या कुंड्यांले पाणी मीच तं टाकत होती."