घरच्या बोलीवर बोली नाही

मी, सुमेधा केशव उतेकर, वय एकसष्ट, अविवाहित, मूळ गाव कापडे, तालुका पोलादपूर, हल्ली राहणार महाड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चष्मा लावून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरात वर्कस्टेशन जातीचं पहिलं जुनं कॉम्प्युटर-यंत्र आलं तेव्हाच माझं डोकं फिरलं असं ज्या नातेवाइकांना वाटतं, त्यांनी तो आधी वाचावा.

१. महाडचं राहतं घर माडीसह माझी भाची चैत्राली आमोद उतेकर हिला द्यावं. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ आमोद, आणि मी बोलत नसतानाही ती दर मे महिन्यात आत्याकडे येत राहिली. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे तिने कधी केलं नाही. घर विकायचं तर खुशाल विकावं. मात्र २००५ च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ते गिऱ्हाइकाला खरं सांगावं, भिंतीवरची खूण रंग लावून झाकू नये.

२. बँकेत जे असेल ते मंजुळा हैबती सकपाळ हिला. ही माझ्याकडे स्वयंपाकाला आली आणि मग घरचीच झाली. पुराच्या दिवशी पाणी ओटीवर आलं तेव्हा तिने धान्याच्या आधी यंत्रं माडीवर चढवली आणि वर मलाच सुनावलं, "बाय, ह्यात शिरेल दिसत नाय, गानी वाजत नाय. मग ह्याचा उपेग काय हाय?" याचं उत्तर मी तिला देणं लागते. ते पुढे कलम पाचमध्ये दिलं आहे, चैत्रालीने तिला वाचून दाखवावं.

३. चुलतभाऊ रघुवीर याला स्वयंपाकघरातला वजनकाटा द्यावा. यंत्रं किलोवर घालायची झाल्यास चांगला भंगारवाला बघून देतो, असं तो दर गणपतीत म्हणत आला आहे. त्याने स्वतःच तोलत बसावं.

४. माडीवरच्या तीन यंत्रांपैकी खिडकीकडची दोन, सर्व वायरींसह, बाजारपेठेत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या निषादला. त्यानेच मला इंटरनेटवर बोली लावायला शिकवलं. मी त्याला भाव करायला शिकवलं, ते तो विसरेल म्हणून इथे लिहून ठेवते. विकणारा काय मागतो ते बघू नये, मागे तसा नग खरोखर कितीला गेला ते बघावं. 'तपासलेले नाही' असं लिहिलेलं असेल तर समजावं की तपासलं आणि चाललं नाही. फोटो एकाच बाजूने काढला असेल तर दुसऱ्या बाजूला पोचा आहे. यंत्राचा पडदा, म्हणजे मॉनिटर, परदेशातून मागवू नये, टपालखर्चात बुडायला होतं. आणि निषाद, लिलाव संपायच्या आधी चहा प्यायला उठू नये, त्यात आपलं एक चांगलं यंत्र गेलं आहे.

५. तिसरं यंत्र भिंतीकडचं, मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढं, राखाडी. ते माझा भाऊ आमोद केशव उतेकर याला.

याचं कारण देणं भाग आहे. मुंबईत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी नोकरीला होते. तिथे या जातीच्या यंत्रांवर आम्ही पंपांचे आराखडे काढायचो. घरच्या कॉम्प्युटरला जे झेपत नव्हतं ते हे करायचं, म्हणून याला वर्कस्टेशन म्हणत. मला त्यावर काम करताना जेवढा आनंद झाला तेवढा दुसऱ्या कशात झाला नाही. मंजुळा, हाच त्याचा उपयोग. आमोद त्याच कारखान्यात अधिकारी होता. १९९८ साली ऑफिस बंद झालं आणि यंत्रं मोडीत काढायच्या कागदावर त्याची सही होती. मी त्याला चार लोकांत नाही नाही ते बोलले. त्यानेही ऐकून घेतलं नाही. बोलणं तुटलं ते तुटलंच.

महाडला आल्यावर मी तेच मॉडेल शोधत होते. जुन्या यंत्रांच्या लिलावाची एक लहान साइट होती, तिथे प्रत्येकाची बोली उघडी दिसे, नाव तेवढं टोपण. २००४ मध्ये तिथे एक नग निघाला. मी एकशे एक डॉलर बोलले. कोणीतरी एकशे एकावन्न केले. मी दोनशे एक. पलीकडून दोनशे एकावन्न. तो आकडा बघून माझे हात थांबले.

कापड्याला नवरात्रात देवीच्या साडीचा आणि नारळाचा लिलाव होतो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, आम्हाला पुढे बसवून बोली लावायला लावायचे. पूर्ण आकडा बोलायचा नाही, वरचा एक देवीचा. आणि घरच्या माणसाने बोली लावली की आपण गप्प बसायचं, घरच्या बोलीवर बोली नाही. परदेशातले लोक दोनशे पन्नास बोलतात. दोनशे एकावन्न बोलणारा, तोही नेमक्या याच मॉडेलसाठी, माझ्या माहितीत एकच.

मी गप्प बसले. शेवटच्या घटकेला एक परका माणूस दोनशे साठ बोलला आणि घेऊन गेला. पलीकडचाही पुढे बोलला नाही. आमोद हातातली वस्तू सुखासुखी सोडणाऱ्यातला नव्हे, त्याअर्थी त्यानेही मला ओळखलं असावं. दोघांनी एकमेकांसाठी सोडलं आणि दोघांच्याही हाती काही लागलं नाही. पुराच्या पुढच्या वर्षी दुसरा नग निघाला तो मला सहज मिळाला. तेव्हा समोर एकवाला कोणी आलाच नाही, याचं मला वाईट वाटलं.

ते यंत्र त्याला स्वतःसाठी हवं होतं की माझ्यासाठी, मला माहीत नाही. माझा राग कधीच गेला आहे. मला भाऊ हवा आहे. पण फोन हातात घेतला की काय बोलायचं ते सुचत नाही.

यंत्राच्या आतली छोटी बॅटरी संपली की ते आपला क्रमांक विसरतं आणि सुरू होत नाही. क्रमांक हाताने कसा भरायचा ते आमोदला येतं. त्याने यंत्र घ्यायचं नाकारलं तर ते दुसऱ्या कोणालाही देऊ नये. तेवढं एक रघुवीरने तोलून विकावं.

६. माझे दिवस घालू नयेत. हे मृत्युपत्र अंमलात आणायचं काम चैत्रालीचं.

सहीपूर्वीची पुरवणी. वकीलसाहेबांनी दोन साक्षीदार आणायला सांगितलं. एक शेजारच्या शुभदाताई. दुसऱ्यासाठी मी आमोदला फोन केला, कारण आता बोलायला काहीतरी काम होतं. "साक्षीला येशील का," एवढंच विचारलं. तो "येतो" म्हणाला आणि आज सकाळी वीर स्टेशनला उतरून रिक्षाने आला. केस सगळे पिकलेत. चहा होईपर्यंत तो माडीवर जाऊन यंत्रापाशी उभा राहिला. खाली आल्यावर म्हणाला, "त्या वेळी मी थांबलो होतो, ताई. तू कशाला थांबलीस?" मी म्हटलं, "तुझी बोली होती ना." त्याने चहा बशीत ओतला, तोवर वकीलसाहेब आले.

मग वकीलसाहेबांनी कागद वाचला आणि अडचण काढली. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्ष घालू नये, पुढे वाद होतात. एक तर कलम पाच खोडा, नाहीतर साक्षीदार बदला. मला वाटलं, एवढ्या लांबून बोलावलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं. मी कलम खोडायला पेन उचललं. आमोदने कागद माझ्या हाताखालून ओढून घेतला, पाचवं कलम उभ्याउभ्या वाचलं, परत एकदा वाचलं, आणि वकीलसाहेबांना म्हणाला, "साक्षीला दुसरा माणूस बघा. मी घेणारा आहे."

रिक्षावाला अजून दारातच थांबला होता. त्याला आत बोलावलं.

वरील मजकूर वाचून, समजून, पुरवणीसह कायम केला. आम्हा साक्षीदारांदेखत सही झाली व आम्ही तिच्यादेखत सह्या केल्या.

लिहून ठेवणार : सुमेधा केशव उतेकर (सही)

साक्षीदार :
१. शुभदा माधव टिपणीस, निवृत्त शिक्षिका, महाड (सही)
२. सदू कोंडाजी कदम, रिक्षाचालक, वीर (सही)

ठिकाण : महाड
दिनांक : ९ डिसेंबर २००७